प्रेक्षकसंख्या एक

उद्घाटनाला चार दिवस उरले होते. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला बार्शीच्या ‘चंद्रप्रभा’ टॉकीजमधल्या सहाशे बारा खुर्च्या रिकाम्या होत्या, सगळी दारं बंद होती, आणि वरच्या केबिनमधल्या यंत्राच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात लिहून आलं होतं : प्रेक्षकसंख्या १.

मुग्धा हिंगमिरेचं तिकडे लगेच लक्ष गेलं नाही. ती केबिनमध्ये काचेमागे बसून हेझ, म्हणजे हॉलमध्ये सोडलेलं अगदी विरळ धुकं, कसं पसरतंय ते बघत होती. सुतार आणि वायरमन यांना तिने तासाभरासाठी बाहेर काढलं होतं. हेझची चाचणी चालू असताना कोणी दार उघडलं, की अर्ध्या तासाची मेहनत त्या एका फटीतून निघून जाते.

लेसरच्या खेळाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, लेसरचा झोत दिसतो. स्वच्छ हवेत तो अजिबात दिसत नाही. प्रकाश आपल्या वाटेने सरळ निघून जातो, आपल्या डोळ्यांत येतच नाही. तो दिसायला हवेत काहीतरी लागतं, ज्यावर आपटून त्यातला थोडा प्रकाश आपल्याकडे वळेल. जुन्या नाटकांत सोडायचे तसला जाड धूर इथे चालत नाही. त्याचे ढग होतात, झोत एका ठिकाणी भगभगीत आणि पुढे गायब. त्यासाठी हेझ लागतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या थेंबांचा. डोळ्याला तो जाणवतही नाही, पण लेसर सोडला की हवेत काचेची पट्टी उभी राहावी तसा झोत दिसतो. हे थेंब स्वतःवर पडलेला प्रकाश मागे कमी आणि पुढेच जास्त फेकतात. म्हणून लेसर प्रेक्षकांच्या समोर लावायचे आणि झोत त्यांच्या डोक्यांवरून न्यायचे. एवढं केलं की उरतो एकच शत्रू, वारा. एसीची झुळूक, छताची फट, दाराखालची पोकळी, काहीही पुरतं.

हा शत्रू पकडण्यासाठी पुण्याच्या डॉ. नंदिनी आठल्यांनी ‘वायुलेखक’ बनवला होता. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी जरा चढी ऐकू येते आणि लांब जाणारीची उतरती. प्रकाशाचंही तसंच असतं. हेझचा थेंब ज्या दिशेला सरकत असेल, त्याप्रमाणे त्याच्यावरून परतलेल्या प्रकाशात किंचित फरक पडतो. वायुलेखक तो फरक मोजून सबंध हॉलमधल्या हवेचा नकाशा काढायचा, इंचाइंचाचा, आणि त्या नकाशाप्रमाणे हेझची यंत्रं स्वतःच कमीजास्त करायचा. पहिल्याच वर्षी एक अडचण आली. यंत्र इतकं तिखट निघालं, की त्याला प्रेक्षकांचे श्वास दिसायला लागले. प्रत्येक खुर्चीपुढे हवेची एक छोटी भरती-ओहोटी. मग आठल्येबाईंनी त्यात एक सोय केली : ठेक्यात आत-बाहेर होणारी हवा श्वास समजायची, मोजायची, आणि नकाशातून वगळायची. ती मोजणी म्हणजे कोपऱ्यातला हा आकडा.

मुग्धाने तो पाहिला तेव्हा तिला वाटलं, आपणच. पण आपण काचेमागे आहोत, इकडे हेझ नाही. तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा १. नकाशावर जागा दाखवायला सांगितली. डावी भिंत, पडद्यापासून तिसरं कमळ.

‘चंद्रप्रभा’च्या दोन्ही भिंतींवर चुन्याची मोठाली कमळं होती. नवीन आवाजरोधक फळ्या बसवताना उजवीकडची काढली होती. डावी भिंत मालकांच्या राहत्या घराला लागून होती; तिच्यावरची काढायला मालकांनी, म्हणजे मल्लिनाथअण्णा वांगीकरांनी, साफ नकार दिला होता. “वडिलांच्या हातची आठवण आहे, पोरी. त्या भिंतीला हात लावू नको.” मुग्धाने लावला नव्हता. अण्णांचा शब्द ती मोडत नसे. तिचे वडील महादेव हिंगमिरे एकतीस वर्षं याच टॉकीजचे ऑपरेटर होते. ते असताना आणि गेल्यावरही तिच्या शिक्षणाची जबाबदारी अण्णांनी घेतली होती. पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, पुढचा जर्मनीतला कोर्स, सगळंच. सात वर्षं बंद पडलेली टॉकीज लेसरच्या खेळासाठी उघडायची ठरली, तेव्हा अण्णांनी पहिला फोन तिलाच केला होता.

तिने आठल्येबाईंना फोन लावला.

“मांजर असेल,” बाई म्हणाल्या.

“मिनिटाला सतरा आहेत, मॅडम. मांजराचे पंचवीस तरी असतात ना?”

“मग पलीकडे खोली असेल, तिथली हवा गळत असेल.”

“गळती एका दिशेची असते. ही आत जातेय, बाहेर येतेय.”

बाईंचा आवाज बदलला. “मुग्धा, नीट ऐक. बंद खोलीत माणूस नुसता बसला असेल, तर भिंतीच्या भोकातून हवा अशी आतबाहेर होत नाही. छाती जेवढी फुगते तेवढीच खोलीतली हवा कमी होते, हिशेब आतल्या आत मिटतो. असा ठेका यायचा तर एकच शक्यता आहे. भोकाला कोणीतरी तोंड लावून उभं आहे.”

मुग्धाने काचेतून त्या कमळाकडे पाहिलं.

“एक करून बघ,” बाई म्हणाल्या. “खेळ लाव. माणूस असेल तर कळेल.”

तिने खेळाचा पहिला भाग लावला, आवाजाशिवाय. हॉल काळोखा झाला. मग समोरून एक हिरवा झोत निघाला, त्याचे दोन झाले, दोनाचे चाळीस, आणि छताखाली एक सबंध तळं पसरलं, संथ, हिरवं, मध्येच हलणारं. पुण्यात पहिल्या खेळाला याच क्षणी शेकडो लोकांनी एकदम श्वास रोखला होता, आणि नकाशावरचे सगळे ठिपके विझले होते.

तिसऱ्या कमळातला ठिपका विझला.

एक, दोन, तीन, चार सेकंद. मग तो जोरात उमटला. एक मोठा, लांब उच्छ्वास.

तिथे कोणीतरी होतं, आणि त्याला खेळ आवडला होता.

मुग्धा जिन्यावरून कशी उतरली ते तिला नंतर आठवत नव्हतं. ती डाव्या भिंतीशी पोचली. कमळ तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर होतं. मधल्या गाभ्यात बंद्या रुपयाएवढं भोक, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. तिने तळहात पुढे धरला. ऊब लागली. ऊब गेली. पुन्हा लागली.

“कोण आहे?” तिच्या तोंडून निघालेला आवाज तिला स्वतःलाही जेमतेम ऐकू आला.

श्वास थांबला. मग आतून एका बाईचा आवाज आला, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

“हिंगमिरे? किती दिवसांनी लावलंत पिक्चर. पण आज आवाज का नाही?”

मुग्धा मागे सरली ती खुर्चीवर आदळली. वडिलांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

*

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. भर दुपारी लेक घरी आलेली पाहून ती उठायला लागली. “जेवायला आलीस होय? थांब, भाकरी टाकते.”

“आई, अण्णांच्या घरात भिंतीमागे कोण आहे?”

आईचा हात मेथीतच राहिला. ती ‘काय?’ म्हणाली नाही, ‘कुठल्या भिंतीमागे?’ असंही विचारलं नाही. तिने फक्त विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

तेवढ्या तीन शब्दांनी मुग्धाच्या पायाखालची जमीन सरकली. तोपर्यंत तिला आतून वाटत होतं, की आई हसेल आणि काहीतरी साधं कारण सांगेल.

“तुला माहीत आहे.”

“कुमुद आहे ती,” आई म्हणाली. “अण्णांची धाकटी बहीण.”

“त्या तर वारल्या ना? मी सहा वर्षांची असताना. तेराव्याला आपण गेलो होतो. मला जिलबी आठवते.”

“गेलो होतो,” आई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, मेथीकडे बघत. कुमुदला फिट्स यायच्या. लग्न ठरलं, ते मोडलं. पुन्हा ठरलं, हळदीच्या दिवशी मांडवातच फिट आली. त्यानंतर तिचं डोकं फिरलं म्हणे, कोणाला चावली, कपडे फाडले. अण्णांच्या आईने शपथ घातली, पोरीला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं नाही. घरात ठेवावी तर लोक बघतात, अण्णांच्या मुलींची लग्नं व्हायची होती. म्हणून बातमी उठवली, कर्नाटकात मामाकडे गेली होती, तिथे वारली. आणि टॉकीजला लागून असलेल्या पोस्टरच्या खोलीला कुलूप लागलं.

“बाबांना कधी कळलं?”

“दोनेक महिन्यांत. वायर ओढायला मागच्या बाजूला गेले होते. आले ते पांढरेफटक. पोलिसात जातो म्हणाले. अण्णांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, महादेव, तुलाही मुलगी आहे. तिला काय शिकवायचं ते सांग.”

नळ थेंबथेंब गळत होता. मुग्धाला त्याचा आवाज असह्य झाला. तिने उठून तो आवळला.

“ते भोक त्यांनीच पाडलं,” आई म्हणाली. “पिक्चर दिसावा म्हणून. कमळाच्या आड, मालकांना कळू नये असं. दर शुक्रवारी नवीन पिक्चर लागायच्या आधी मागच्या झरोक्याखाली जाऊन तिला गोष्ट सांगायचे. त्यांना तेवढंच जमलं.”

“तेवढंच? आई, सव्वीस वर्षं!”

“मग तू शिकलीस ती कशावर?” आईचा आवाज एकदम चढला. “आम्ही दोघांनी गिळलं म्हणून तू शिकलीस. आता मोठ्या तोंडाने विचारायला आलीस!”

मुग्धा ओढणी सावरत बाहेर पडली.

*

अण्णा ऑफिसच्या खोलीत उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका चाळत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पांढरा स्वच्छ सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. गावातल्या तीन शाळा त्यांच्या देणगीवर उभ्या होत्या. तिला पाहून ते हसले. “बस, पोरी. पालकमंत्र्यांचा होकार आला.”

“अण्णा, कुमुदआत्या जिवंत आहेत.”

त्यांनी पत्रिका एकावर एक नीट रचली. “यंत्राने सांगितलं?”

“यंत्राने सांगितलं. मग त्या स्वतः बोलल्या.”

“हुशार यंत्र आहे,” ते म्हणाले. नाकारलं असतं, रागावले असते, तर मुग्धाला सोपं गेलं असतं. “मी तिला मारलं नाही, मुग्धा. दोन वेळचं ताट जातं. सणाला पुरणपोळी जाते. औषध जातं.”

“कोणत्या डॉक्टरचं?”

“डॉक्टरने पहिल्यांदा दिलं होतं तेच.”

“सव्वीस वर्षं तेच? एकदाही कोणी तपासलं नाही? अण्णा, फिट्सवर आता कितीतरी उपाय आहेत. माझ्याच वर्गातली एक मुलगी—”

“तुझ्या वर्गातली,” अण्णांनी शांतपणे मध्येच तोडलं. “तो वर्ग कोणामुळे होता?”

मुग्धाने पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“तूच मला समजावून सांगितलं होतंस,” ते पुढे म्हणाले, “की हे यंत्र श्वास मोजतं आणि वगळतं. एखादी जागाच वगळायची सोय असेल ना? एक बटण असेल. तेवढं दाब. आज संध्याकाळी गाडी येतेय, तिला दुसरीकडे हलवतो, कर्नाटकात ओळखीचं ठिकाण आहे. रविवारी पडदा उघडेल. तुझ्या बापाचं नाव मी केबिनला द्यायचं ठरवलंय.”

तसं बटण होतं. खांबामागची किंवा पंख्याजवळची हवा मोजायची नसेल, तर नकाशावर बोटाने चौकोन काढायचा आणि ‘वगळा’ दाबायचं. दोन सेकंदांचं काम. आपल्या वडिलांनी आयुष्यभर हेच बटण दाबून धरलं होतं, हे मुग्धाला त्या खुर्चीत बसल्या-बसल्या कळलं.

“येते मी,” ती म्हणाली. दारात इंदुमतीकाकू उभ्या होत्या, अण्णांच्या पत्नी, हातात चहाचा कप. चहा बशीत सांडला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाजूला झाल्या.

*

मुग्धाच्या फोनवरून पोलीस निरीक्षक सरोज बनसोडे चार वाजता आल्या, त्याही साध्या वेशात, कारण नाव मल्लिनाथअण्णांचं होतं. “हे बघा,” त्या केबिनमध्ये खुर्ची ओढत म्हणाल्या, “मेलेली बाई जिवंत आहे म्हणता. अण्णांचं घर आहे ते. उद्या काही निघालं नाही तर माझी बदली गडचिरोलीला. मला आधी दाखवा.”

मुग्धाने दारं लावली, हेझ सोडला. वीस मिनिटं थांबायला लागतं, थेंब सगळीकडे सारखे पसरेपर्यंत. बाहेर एखादी गाडी थांबली की मुग्धा दचकत होती. मग नकाशा उमटला.

प्रेक्षकसंख्या ०.

तिसऱ्या कमळापाशी हवा थिजलेली होती. मुग्धाने पडदा मोठा केला. भोकाच्या जागी हेझ थबकून मागे वळत होता. कोणीतरी आतून बोळा कोंबला होता.

“गेली का मग?” बनसोडेबाईंनी विचारलं.

“हलवलं असेल. किंवा भोक बुजवलंय. मॅडम, सकाळची नोंद आहे माझ्याकडे, ही बघा, वेळ, ठेका—”

“नोंदीवर मी भिंत फोडू शकत नाही.” बाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. “तुम्ही थकलेल्या दिसता.”

मुग्धाने लेसर लावले. तळं पसरलं. ठिपका नाही. बनसोडेबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. तेव्हा मुग्धाला सकाळचा तो प्रश्न आठवला, आवाज का नाही. सकाळपासून सगळ्या चाचण्या मुक्याच झाल्या होत्या. तिने आवाजाची कळ शेवटापर्यंत सरकवली. सहाशे बारा माणसांसाठी बसवलेले स्पीकर एकदम बोलायला लागले. पाण्याची खळखळ, मग संबळ, मग सनई. काच थरथरली. तिने माइक ओढला आणि ती ओरडली, “कुमुदआत्या! पिक्चर सुरू झालं! आज आवाज आहे!”

बनसोडेबाई वळून उभ्या राहिल्या.

पंधरा सेकंद गेले असतील. नकाशावर तिसऱ्या कमळातून हवेची एक वेडीवाकडी रेघ फुटली. बोळा ओढून काढल्यासारखी. आणि मग ठिपका. आत, बाहेर. आत, बाहेर. मिनिटाला चोवीस, धाप लागलेले.

प्रेक्षकसंख्या १.

सरोज बनसोडेंनी वायरलेस काढला. “आत माणूस कोंडलंय हे मी डोळ्यांनी पाहिलं,” त्या कोणाला तरी सांगत होत्या, “वॉरंटसाठी थांबायची गरज नाही. दोन बायका पाठवा. लगेच.”

अण्णा आपल्या घराच्या दारातच आडवे उभे राहिले. वकिलाला फोन लावू द्या म्हणाले. आवाज अजून तितकाच शांत होता. हवालदार एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यांतल्या एकाची मुलगी अण्णांच्याच शाळेत होती. तेवढ्यात आतून इंदुमतीकाकू आल्या. कमरेच्या जुडग्यातून त्यांनी एक किल्ली सोडवली आणि नवऱ्याकडे न बघता बनसोडेबाईंच्या हातात दिली.

“रोज मीच ताट नेते,” त्या म्हणाल्या. “मलाही धरा.”

पोस्टरच्या खोलीत दहा बाय आठची जागा, वर एक झरोका, एक खाट, आणि भिंतीशी ठेवलेला एक लाकडी पाट, भोकापर्यंत पोचायला. कुमुदआत्या पाटावर उभी होती. एक्कावन्न वर्षांची बाई, पण सत्तरची दिसत होती. केस कापसासारखे. ती वळली नाही. दार उघडल्याचा प्रकाश आत आला, तसा तिने डोळ्यांवर हात घेतला आणि चेहरा पुन्हा भोकाला लावला. “थांबा,” ती म्हणाली, “मध्ये येऊ नका. चालू आहे.”

मुग्धा भिंतीला धरून खाली बसली. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या तिकिटांना घड्या घालून केलेले कागदी पक्षी होते, शेकड्याने.

*

पुढचे तीन महिने बार्शीत दुसरा विषय नव्हता. रविवारचं उद्घाटन राहिलं, अण्णांना अटक झाली, जामीन झाला, सत्कार करायचा की निषेध यावरून व्यापारी मंडळात हाणामारी झाली. निम्मं गाव म्हणालं, मुग्धाने खाल्ल्या घराचे वासे मोजले. तिने जबाबात वडिलांचं नावही दिलं होतं. बनसोडेबाईंनी विचारलं होतं, गेलेल्या माणसाला कशाला ओढता? तिने सांगितलं, खरं अर्धं सांगता येत नाही. त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलेनाशी झाली.

वायुलेखकाला मात्र देशभरातून मागणी आली. कुठे कोंडलेले मजूर, कुठे विकलेल्या मुली. हेझ सोडायचा, भिंतीशी नकाशा काढायचा. आत अडकलेला माणूस उजेडासाठी कधीतरी फटीला तोंड लावतोच. पाच महिन्यांत एकोणीस माणसं सुटली. आठल्येबाईंनी आनंदाने फोन केला. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा केला तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. कुठल्याशा तालुक्यात घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलेली दोन पोरं मित्राच्या घरात माळ्यावर लपली होती. मुलीच्या चुलत्याने खेळाच्या नावाखाली यंत्र भाड्याने आणलं, शेजारच्या गोदामात हेझ सोडला.

“दोघंही?” मुग्धाने विचारलं.

“दोघंही,” बाई म्हणाल्या.

मुग्धा दोन दिवस केबिनमध्ये नुसती बसून राहिली. ज्या यंत्राने एक दार उघडलं होतं, त्याला दारामागे कोण आणि का आहे ते कळत नव्हतं. ते फक्त मोजत होतं. मग दोघींनी मिळून यंत्राच्या आतल्या आज्ञा बदलल्या : भिंतीशी सापडलेला श्वास पडद्यावर उमटणार नाही, त्याची नोंद फक्त न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाईल. आधी विकलेली यंत्रं परत मागवायला सुरुवात झाली. सगळी आली नाहीत.

कुमुदआत्याला सोलापूरजवळच्या एका उपचारकेंद्रात ठेवलं होतं. नव्या औषधाने तिसऱ्या आठवड्यातच फिट्स थांबल्या. डॉक्टर म्हणाले, हे औषध पंधरा वर्षांपूर्वीही मिळत होतं. मुग्धा दर रविवारी जायची. आत्याला ती हिंगमिऱ्यांची मुलगी, एवढं कळत होतं. बाहेर व्हरांड्यात बसायला तिला आता भीती वाटत नसे, फक्त पाठ भिंतीला लागलेली हवी.

एका रविवारी आत्या वरणभात कालवत होती. कालवता कालवता म्हणाली, “एकदा त्यांनी दार उघडलं होतं.”

“कोणी?”

“हिंगमिऱ्यांनी. दुपारची वेळ. किल्ली कुठून आणली कुणास ठाऊक. म्हणाले, ताई, मालक गावाला गेलेत, चला, स्टँडवर सोडतो, पुढं सोलापूरला माझी बहीण आहे. मी बाहेर आले. अंगणापर्यंत आले. ऊन होतं खूप. रस्त्यावरून एक बाई जात होती, तिनं माझ्याकडं बघितलं.” आत्याचा हात ताटात थांबला. “मग मी आत पळाले.”

“आणि बाबा?”

“ते दारात उभे. रडत होते. लई वेळ रडले. मीच म्हणाले, हिंगमिरे, या दाराला आतून कडी नाही. तेवढी बाहेरून लावून घ्या.”

तिने घास तोंडात घातला आणि शांतपणे चावायला लागली.

मुग्धा पाचच्या गाडीने परतणार होती, ती गेली नाही. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन तिने आईला फोन लावला, कित्येक महिन्यांनी. आईने उचलला.

“आई, बाबांनी एकदा दार उघडलं होतं. तुला माहीत होतं?”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

“कधी?”

“कधी ते आत्यांना आठवत नाही. उन्हाळा होता.”

मुग्धाला वाटलं फोन तुटला. मग आई हळू म्हणाली, “एका उन्हाळ्यात ते दोन दिवस जेवले नव्हते. मी विचारलं, तर म्हणाले, पित्त झालंय. आणि मी त्यांना कोकम करून दिलं.”